आखडलेली दोरी

कवठे एकंद मागं पडलं होतं आणि कुमठे फाटा अजून यायचा होता, तेव्हा गुणाक्कानं माझा दंड धरून पुढं बोट दाखवलं.

"बघ बघ. मुंग्यांना बगल दिली."

चातुर्मास संपवून मुनिमहाराज तासगावहून पायी सांगलीकडे निघाले होते. त्यांना पोचवायला आम्ही तीस-चाळीस माणसं बरोबर चालत होतो. पुरुष पुढं, बायका मागं. महाराजांच्या लगत, त्यांचा कमंडलू हातात घेऊन, गुणाक्काचे मालक बाहुबलीकाका चालत होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, वय त्र्याहत्तर. रस्त्याच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. काका थांबले, त्यांनी धोतर चिमटीत उचललं आणि लांब पाऊल टाकून रांग ओलांडली.

"मुंगी नशिबाची," गुणाक्का म्हणाली. "तिला दूध लागत न्हाई."

मागच्या बायकांनी ऐकलं. एकीनं पदर तोंडाला लावला, पण हसलं कुणी नाही. त्या दिवशी माधवनगरच्या मुक्कामाला काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काकांना दीक्षा घ्यायची होती. घरदार सोडून महाराजांच्या संघात जायचं होतं. त्यासाठी आधी सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. गावची क्षमा त्यांना मिळाली, भावांची मिळाली, पोराची मिळाली. एकटी बायको राहिली होती. तिनं अकरा वर्षं क्षमा केली नव्हती. माधवनगरला महाराजांसमोर ते तिच्याकडे शेवटची मागणार होते.

"करशील का गं आक्का?" मी विचारलं.

"पाय उचल. ऊन व्हायला लागलंय."

अडुसष्ट वर्षांची बाई अनवाणी चालत होती, आणि माझ्यापेक्षा पुढं होती.

मी जैन नाही. माझं माहेर कराडकडचं, मालक मिलिटरीत. आमच्या देव्हाऱ्यात जोतिबा आहे, रविवार मी पाळते. गावातल्या दूध संस्थेत मी दुधाची फॅट तपासायला लागले, त्याला आता सोळा वर्षं झाली. संस्थेचे चेअरमन बाहुबलीकाका. म्हणजे माझी नोकरी त्यांनी दिलेली, हे आधी सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की खाल्ल्या घरचे वासे मोजले.

गुणाक्का, म्हणजे गुणमाला, नांद्र्याची लेक. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली. एकर-दीड एकर द्राक्षबाग, बाकी ऊस, आणि गोठ्यात दहा-बारा म्हशी. जनावरांची माहिती नसलेल्यांसाठी सांगते. म्हशीच्या कासेत दूध असलं तरी ती ते सहजासहजी देत नाही. आधी तिचं रेडकू लावायचं. ते दोन ढुशा देतं, चोखतं, मग म्हैस पान्हा सोडते. लगेच रेडकाला ओढून बाजूला बांधायचं आणि आपण धार काढायची. रेडकू नसेल तर म्हैस आडून बसते. पण गुणाक्काचा हात असा होता की रेडकाची गरज लागत नसे. ती कासेवरून पाण्याचा हात फिरवायची, मान म्हशीच्या कुशीला टेकवायची, तोंडातल्या तोंडात णमोकार म्हणायची. म्हैस डोळे मिटायची. गावात कुणाची म्हैस आडली की तिला बोलावणं यायचं. पाटलाची सून म्हणून ती कधी नाही म्हणाली नाही. परटाच्या गोठ्यात गेली, रामोश्याच्या गोठ्यात गेली.

आता जे लिहायचंय ते सरळ लिहिते.

म्हशीला रेडी झाली तर घरात आनंद असतो, ती उद्याची म्हैस. टोणगा झाला तर त्याचा उपयोग कुणाला? आता शेताला ट्रॅक्टर आहे. कसायाला द्यावा तर पाप लागतं. पोसावा तर तो आईचं दूध पितो. मग दोरी आखडायची. रेडकू आईपासून दोन हात लांब राहील एवढीच दोरी ठेवायची. पुढ्यात पाणी असतं, मूठभर हिरवं असतं, पण आठ दिवसांच्या पोराला वैरण खाता येते का? कुणी मारत नाही. ते मरतं. विचारलं तर म्हणायचं, "जगलं न्हाई." हे फक्त जैनांच्या घरी चालतं असं नाही. आमच्या मराठ्यांच्या गोठ्यात हेच चालतं, माझ्या सासरी मी डोळ्यांनी पाहिलंय. फरक एवढाच की आम्ही अहिंसेवर बोलायला माईक हातात घेत नाही. काका घ्यायचे. पाणी गाळून प्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचे, बटाटा कधी शिवला नाही. दर पर्युषणात बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, त्यांचं भाषण व्हायचं.

गुणाक्का अडतीस वर्षं त्या गोठ्यात राबली. तिला माहीत नव्हतं का? होतं. ती स्वतःच म्हणायची, "मी बगत नव्हते. बगायचं न्हाई म्हणून हात लय चलाक केला."

अकरा वर्षांपूर्वी आषाढात ती गोठ्यात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं, प्लॅस्टर घातलं. सोप्यात खाट टाकली, आणि ती खाट नेमकी गोठ्याच्या दारासमोर आली. भाद्रपद लागला तसं त्यांची मैना नावाची म्हैस व्याली. पंढरपुरी म्हैस, पाठीपर्यंत गेलेली शिंगं. टोणगा झाला.

खाटेवरून हलता येत नव्हतं आणि दुसरीकडे बघायला जागा नव्हती. तिनं मला नंतर दिवसागणिक सांगितलंय. पहिले दोन दिवस ते आईकडे बघून ओरडत होतं. मग मैना ओरडायची आणि ते गप्प असायचं. चौथ्या दिवशी त्यानं भिंत चाटली. मग माती खाल्ली. गुणाक्का नवऱ्याला म्हणाली, "आवं, एक थान तरी लावा की त्याला." काका म्हणाले, "व्हय व्हय, लावतो." आणि बस्तीला गेले. गोठ्यात कामाला भामाबाई होती. गुणाक्कानं तिला दोरी सैल करायला लावली. काकांनी आल्यावर ती परत आखडली. परत सैल करायला लावली, परत आखडली. तिसऱ्या वेळेला भामाबाई रडायला लागली. "आक्का, मला कामावरनं काढत्याल," म्हणाली.

संध्याकाळी काका तिच्यासाठी हळद घातलेलं दूध घेऊन यायचे. हाड जुळायला चांगलं म्हणून.

"तू प्यालीस?" मी विचारलं होतं.

"सात दिवस प्याले. तेच तर."

नवव्या दिवशी सकाळी ते मेलं. मरताना त्याच्या तोंडात दोरीचं टोक होतं. ते चोखत होतं.

त्या सकाळी मैनानं धार दिली नाही. भामाबाईला लाथ मारली, काकांना जवळ येऊ दिलं नाही. काका सोप्यात आले आणि म्हणाले, "म्हशीनं पान्हा चोरला गं. तुला उचलून नेतो, तेवढा हात लाव."

आपल्या भाषेत असंच म्हणतात, पान्हा चोरला. मीही आयुष्यभर म्हणत आले. गुणाक्काला त्यांनी खुर्चीसकट उचलून गोठ्यात नेलं, प्लॅस्टरचा पाय पुढं तसाच. ती म्हणते, तोंडातून 'नाही' यायला पाहिजे होतं, ते आलं नाही, सवय होती. तिनं हात फिरवला, मान कुशीला टेकवली. आणि मैनानं पान्हा सोडला. बारा तासांचं दूध भरलेली कास, सगळी दिली. गुणाक्काचा हात होता ना तो.

अर्धी घागर भरली तेव्हा ती थांबली. म्हणाली, "हिनं चोरला म्हणता. दूध कुणाचं हुतं, आणि चोर कोण?"

काकांना वाटलं, औषधानं डोकं फिरलंय.

ते दूध संस्थेत आलं. मी तपासलं. मला आठवतंय, कारण मी स्वतः काकांना म्हणाले होते, "आज तुमच्या दुधाला फॅट लय चांगली लागली." हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही.

त्यानंतर आठवडाभरात पर्युषण संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी बस्तीत सगळे एकमेकांपुढं हात जोडतात. वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. समोरच्यानंही तेच म्हणायचं. मला ही चाल फार आवडते. आमच्यात असती तर निम्मी भांडणं मिटली असती. गुणाक्काला खुर्चीवर आणलं होतं. काका सगळ्यांदेखत तिच्यापुढं उभे राहिले, हात जोडले, म्हणायचं ते म्हणाले.

ती म्हणाली, "माझं तुमी काय केलं न्हाई. ज्याचं केलं त्याच्याकडं मागा."

काका हसले. "त्ये कुटं हाय आता?"

"मग ऱ्हायलं."

त्या दिवशी लोकांनी हसण्यावारी नेलं. पण तिनं ते सोडलं नाही. पाय बरा झाला तशी ती पहिल्यांदा गोठ्यात गेली, रेडकाची ती दोरी सोडून आणली आणि जेवणघरात काकांच्या पाटासमोरच्या खुंटीला अडकवली. काकांनी फेकून दिली. तिनं उकिरड्यावरून आणून धुऊन परत अडकवली. तिसऱ्यांदा काका थकले. अकरा वर्षं त्या माणसानं दिवस मावळायच्या आत, त्या दोरीकडे बघत, भाकरी खाल्ली आहे.

धार तिनं कायमची सोडली. घरची नाही, गावची नाही. दूध, दही, तूप सगळं सोडलं. म्हशी दुसऱ्या हाताला येईनात. काकांनी पान्हा सोडवायची इंजेक्शनं आणली, तिनं ती नाल्यात ओतली आणि बाटल्या ओळीनं पाटाशेजारी मांडून ठेवल्या. हळूहळू गोठा कमी झाला. विकायच्या म्हटलं की ती गोठ्याच्या दारात बसायची. "कुणाला इकताय ते नाव सांगा, मी जाऊन बगून येते." ती खरंच जाऊन बघून यायची, म्हणून विक्री व्हायची नाही. म्हशी तिथंच म्हाताऱ्या होऊन मेल्या. मैना मागच्या वर्षी गेली. नंतरच्या काळात झालेले दोन टोणगे तिनं स्वतः पाजून वाढवले. ते अजून आहेत. काही कामाचे नाहीत, नुसते खातात. काकांना रोज त्यांना पाणी दाखवावं लागतं.

पोराच्या, अरिहंतच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. सोयरे बैठकीत बसले होते. काका म्हणाले, "आमच्या घरात मुंगीसुद्धा कुणी मारत न्हाई." आतून गुणाक्काचा आवाज आला, "मुंगी न्हाई मारत. बाकीचं इचारा." सोयऱ्यांना काय कळलं देव जाणे. लग्न झालं. सून भाग्यश्री आली तिला पहिल्याच दिवशी दोरीची गोष्ट सांगितली गेली. ती पोरगी सासूच्या बाजूची झाली. काका एकटे पडले.

तिची जाऊ सुंदरीबाई मला एकदा संस्थेत येऊन म्हणाली, "तू समजव गं क्रांती तिला. एका रेडकापायी नवरा झिजवला. जनावराला काय कळतंय क्षमा-बिमा?"

मी गुणाक्काला जसंच्या तसं सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती.

"न्हाई कळत," ती म्हणाली. "म्हणून तर करायचं नव्हतं. माणसाचं वाईट केलं तर उद्या पाय धरायची सोय हाय. त्यो लाथ मारंल न्हाई तर उठवंल. जनावराचं केलं की ती सोयच न्हाई. मग जास्त भ्यायला पाहिजे का कमी?"

मी म्हटलं, "पण तू त्याच्या वतीनं क्षमा केलीस तर?"

"मी कोण? तुझ्या घरात चोरी झाली आणि चोराला शेजारणीनं माफ केलं तर चालंल तुला?" मग टरफलं झटकून म्हणाली, "रोज आमी म्हणतो, सगळ्या जीवांना मी क्षमा करतो, सगळ्या जीवांनी मला करावी. पहिलं आपल्या हातात हाय. दुसरं त्यांच्या. ह्यांनी दोन्ही आपल्याकडंच ठेवून घेतलं."

सूड वाईट, देवाला आवडत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले. रविवारी दिव्यापुढं बसून मी याचा विचार केलाय. पण तिला सूड सोड म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी तर अजून चहात दूध घालते.

कवलापूर ओलांडलं, बुधगाव ओलांडलं. उसाच्या ट्रॉल्या येत-जात होत्या, महाराजांना बघून ड्रायव्हर गाणी बंद करत होते. माधवनगरला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले असतील. बस्तीच्या पुढच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. महाराज पाटावर बसले. आहाराला अजून वेळ होता. कुणीतरी बाहुबलीकाकांना खूण केली.

काका उठले. बायकांच्या बाजूला आले. गुणाक्का भिंतीला टेकून बसली होती, ती उठली नाही. त्यांनी हात जोडले.

"संसारात मनानं, वाचेनं, कायेनं माझ्याकडनं काही चुकलं असेल तर..."

"असेल तर?" गुणाक्का म्हणाली.

काका तसेच हात जोडून उभे.

"अकरा वर्सं असेल तर म्हणताय. असेल तर म्हंजे काय? हाय का न्हाई?"

"हाय," काका म्हणाले. "चुकलं. दोरी मी आखडली. भामानं सैल केली, मी परत आखडली."

"किती बारी?"

"दोनदा."

"किती दिवस?"

"सात-आठ."

"नऊ."

"नऊ," ते म्हणाले.

"मरताना काय करत हुतं?"

"मी बघितलं न्हाई."

"मी बघितलं. दोरी चोखत हुतं." ती बोलताना आवाज चढला नाही, भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. "तुमी आत डोळं मिटून सामायिकाला बसलाता."

काका खाली बसले. टोपी काढून त्यांनी सतरंजीवर ठेवली आणि रडायला लागले. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचं रडणं बघवत नाही. बायका रडायला लागल्या. सुंदरीबाई पुढं सरकून म्हणाली, "कर गं आता. सगळं बोलला की त्यो." अरिहंतही म्हणाला, "आई, बास की."

गुणाक्कानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं मी. आज खरं बोलला. पण माझ्याकडं नसलेलं कसं देऊ?"

महाराज खाली बघत होते. ते एवढंच म्हणाले, "आज दीक्षा नको." मोरपिसांची पिंछी घेऊन उठले आणि आत गेले.

परतीच्या एसटीसाठी आम्ही दोघी बाहेर रस्त्यावर आलो. बाकीच्या बायका आमच्यापासून चार हात लांब थांबल्या. काका हॉलच्या पायरीवर बसले होते, तसेच, टोपीशिवाय. आत महाराजांच्या आहाराची गडबड चालली होती आणि त्यांना कुणी आत बोलावत नव्हतं. गुणाक्का त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"बगू दे," ती म्हणाली. "दोन हातावर असतंय आणि मिळत न्हाई, ते कसं असतं ते कळू दे."

"बरं वाटलं का आक्का?"

"लय. खोटं कशाला सांगू." तिनं पायाला टोचलेला काटा नखानं काढला. "पर त्यांनाच न्हाई म्हणलं असं समजू नगंस. पान्हा कुणी काढला? त्या म्हशीनं कुणाच्या हातावर भरवसा टाकला? ह्यांच्या न्हाई. सात दिवस त्येचं दूध कोण प्यालं? मी कुणापुढं हात जोडू सांग."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला.

"एक काम कर माझं. मी आधी जाणार, ह्यांची तब्येत माझ्यापरीस धड हाय. मी गेले की ह्या सगळ्या बाया जमतील. सुंदरी पहिली म्हणंल, गुणमालानं जाताना नवऱ्याला क्षमा केली, मी कानानं ऐकलं. लोकांना बरं वाटतंय असं म्हणायला. मग त्ये दीक्षा घेतील. तू तवा उठून उभी ऱ्हा. चारचौघांत, मोठ्यानं सांग, न्हाई केली. आणि मलाबी कुणी केली न्हाई, त्येबी सांग. मला तसंच न्या."